अपुरी फँटसी मालिका सुरू करायची तर कोणती: मार्टिन, रॉथफस की सँडरसन?

नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही. जाडजूड फँटसी हाती घ्यायला हाच काळ बरा. अडचण एवढीच की ज्यांच्या पुढच्या भागाची सर्वांत जास्त चर्चा होते, त्या तिन्ही मालिका अपुऱ्या आहेत. म्हणून कोणती चांगली हे नंतर बघा, आधी कोणती कुठे येऊन थांबली ते बघा. इथे कथानक फोडलेलं नाही.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चं पहिलं पुस्तक १९९६ मध्ये आलं, पाचवं २०११ मध्ये. सात ठरली आहेत. सहाव्याची, ‘द विंड्स ऑफ विंटर’ची, सुमारे ११०० ते १२०० पानं झाली आणि ४०० ते ५०० उरली, असं त्यांनी २०२२ मध्ये सांगितलं. वर्षभराने आकडा ११००च्याच आसपास होता. गाडं अडतं ते रचनेमुळे. प्रत्येक प्रकरण एका पात्राच्या नजरेतून येतं, पात्रं कथेतल्या जगाच्या दोन खंडांत विखुरलेली, त्यामुळे एकाचा प्रवास चार दिवसांनी लांबवला की इतरांच्या भेटी चुकतात. तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची योजनाही त्यांना सोडावी लागली. पुढे एकच पुस्तक आवरेना म्हणून त्याची प्रदेशांनुसार दोन झाली, चौथं आणि पाचवं. तरीही दोन मोठ्या लढाया सहाव्यावर ढकलल्या गेल्या. वाचकांच्या आशा त्या लढायांवरच खिळल्या आहेत.

तर्क लढवण्याचं खरं सुख मात्र याच मालिकेत आहे. खुणा मजकुरातच पेरलेल्या असतात. पाचव्या पुस्तकाचं प्रोलॉग, म्हणजे कथेचंच सुरुवातीचं प्रकरण, घाईने उरकू नका. त्या पुस्तकाच्या शेवटाबद्दलचा सर्वांत भक्कम तर्क त्याच्यावर उभा आहे. सहाव्यातली काही प्रकरणं आधीच प्रसिद्ध झाली आहेत, ती पाचही पुस्तकं संपेपर्यंत उघडू नका. २०१९ मध्ये संपलेली ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका पाहिली असेल तरी बिघडत नाही, कारण पुस्तकांतली काही महत्त्वाची पात्रं तिथे नाहीतच.

पॅट्रिक रॉथफस यांची ‘किंगकिलर क्रॉनिकल’ सर्वांत छोटी आणि भाषेने सर्वांत देखणी. नायक आपली कहाणी तीन दिवसांत सांगणार. २००७ आणि २०११च्या पुस्तकांत दोन दिवस झाले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक कोड्याचं उत्तर एकट्या तिसऱ्या पुस्तकावर येऊन पडलं आहे. मधल्या काळात आलेल्या दोन छोट्या पुस्तकांनी ते ओझं हलकं केलेलं नाही. अर्धवट सोडलेलं ज्याला सोसत नाही त्याने इथून सुरुवात करू नये.

ब्रँडन सँडरसन यांची ‘स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ दहा पुस्तकांची, पण पाच-पाचचे दोन टप्पे. पहिला टप्पा २०१० ते डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. सहावं २०३१च्या सुमारास, असं स्वतः लेखकाने सांगितलं आहे. आधी त्यांना दुसऱ्या मालिका लिहायच्या आहेत. कामाची टक्केवारी ते संकेतस्थळावर लावतात, त्यामुळे इथे चर्चा ‘कधी’पेक्षा ‘काय’ यावर रंगते. पहिल्या पुस्तकाची पहिली दोनशे पानं मात्र संथ आहेत, तिथेच बरेच जण सोडून देतात.

नागपूरच्या सीताबर्डीवर जुनी पुस्तकं घेताना पाठीवरचा मजकूर नीट वाचा. ब्रिटिश पेपरबॅकमध्ये मार्टिन यांचं तिसरं आणि पाचवं पुस्तक प्रत्येकी दोन भागांत येतं. त्यामुळे सात खंडांचा संच दिसला की मालिका पूर्ण झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती पाचच पुस्तकं असतात. सँडरसन यांची ब्रिटिश पेपरबॅकही अशीच दुभंगलेली असतात आणि सुटा पहिला भाग पूर्ण पुस्तक समजून घेतला जातो. जाड पेपरबॅक उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, पाठीचा डिंक सैल होऊन पानं सुटतात.

वेळेचा हिशेब असा: मार्टिन यांची पाच पुस्तकं पेपरबॅकमध्ये पाच हजारांच्या आसपास पानांची, रोज चाळीस वाचली तर चार महिने. रॉथफस यांची दोन दीड-दोन महिन्यांत होतात.

आमचा कौल सँडरसनला: समाधानाने थांबता येईल असा टप्पा आज फक्त तिथेच आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पुस्तकाच्या मध्ये ‘एजडान्सर’ ही लघुकादंबरी वाचा, नाहीतर तिसऱ्यात एक पात्र अचानक बदललेलं वाटतं. वाट बघण्यातच ज्याला गोडी वाटते त्याने मार्टिन घ्यावा, पण आधी त्यांचंच, त्याच जगातलं ‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ वाचून बघावं. त्यातल्या तिन्ही कथा आपापल्या जागी पूर्ण आहेत.