पुंगळ्या पुन्हा भरायच्या असतील तर जुनी .३०३ घ्यावी की नवी .३०८?

मराठवाड्यातली बरीच पोरं आता अमेरिका-ऑस्ट्रेलियात स्थिरावली आहेत, आणि तिथल्या नियमांप्रमाणे रायफल घेऊन रेंजवर जाणारेही त्यांत आहेत. माझा एक भाचा सध्या ली-एनफिल्ड .३०३ आणि नवी बोल्ट-ॲक्शन .३०८ यांत अडकलाय. पितळी पुंगळ्या (काडतुसांची रिकामी कवचं) पुन्हा भरून वापरायचा त्याचा बेत आहे. (आपल्याकडे हे घरी करायचं नाही, १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायलाही परवाना लागतो.) मी वाळूजला टूलरूममध्ये, रोजचा गो-नोगो गेजशी (माप मर्यादेत आहे का ते तपासायच्या ठोकळ्यांशी) संबंध, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

मूळ गोष्ट अशी. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरला (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला) टेकते आणि चेंबरचंच माप घेते. मग डायमध्ये (साच्यात) दाबून आपण तिला परत बारीक करतो. या फुगण्या-दबण्यातला फरक जितका मोठा, तितकं पितळ लवकर संपतं.

.३०३ हे १८८८ सालचं काडतूस, बुडाला रिम, म्हणजे बाहेर आलेली कड, असलेलं. ते चेंबरमध्ये अडतं ते त्या रिमवर. ली-एनफिल्डचं चेंबर ऐसपैस, कारण युद्धातल्या चिखलातही काडतूस आत बसायला हवं होतं. रिमच्या जागेची मर्यादा ०.०६४ ते ०.०७४ इंच, म्हणजे पाव मिलिमीटरची मोकळीक. खरी अडचण पुढेच आहे: हे गेज पास झालं तरी खांद्यापुढे (पुंगळी जिथे निमुळती होते त्या उतारापुढे) किती जागा रिकामी आहे ते कळत नाही, कारण गेज तिथवर मोजतच नाही. ली-एनफिल्डच्या नंबर ४ रायफलीला ० ते ३ नंबरची बोल्ट हेड (काडतूस मागून अडवणाऱ्या दांड्याची, म्हणजे बोल्टची, टोकं) मिळतात. ती बदलून रिमची जागा आवळता येते, खांद्याची नाही.

बार होताना पुंगळीचा पुढचा भाग भिंतीला घट्ट धरतो, बूड मागे बोल्टवर आपटतं, आणि बुडाच्या थोडं वर पितळ ताणलं जातं. दर वेळी फुल-लेंग्थ (अख्खी पुंगळी दाबणाऱ्या) डायनं खांदा मागे ढकलला की तेच पुन्हा. एकाच जागी वाकवत राहिलेली तार तुटते तसं तिथं होतं. बाहेरून चकचकीत वर्तुळ दिसतं. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली तर खाच हाताला लागते. खाच लागली की ती पुंगळी तिथेच मोडीत काढायची. तिला आणखी एक संधी देऊ नका, बूड चेंबरमध्येच वेगळं होऊ शकतं.

यावर इलाज आहे: फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग, साइज करायची (दाबून मापात आणायची). मग खांदा त्या चेंबरच्या मापाचाच राहतो आणि काडतूस खांद्यावर अडतं. पण त्या पुंगळ्या त्याच एका रायफलीच्या होऊन बसतात, डबे वेगळे ठेवावे लागतात.

.३०८ मुळातच खांद्यावर अडतं. गो आणि नोगो गेजमधला फरक चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे ०.१ मिलिमीटर. फुल-लेंग्थ डाय अशी लावायची की खांदा एक-दोन थाऊच मागे जाईल, २५ ते ५० मायक्रॉन. डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या चकतीला) भिडेपर्यंत आवळून मोकळे होणारे लोक चांगल्या चेंबरचा फायदा स्वतःच घालवतात. उडवलेल्या पुंगळीचा खांदा आधी मोजा, मग डाय लावा. पुंगळीची लांबी २.०१५ इंचांपुढे गेली तर २.००५ वर आणायची, एवढं झालं की बाकी फारसं काही नाही.

मात्र ‘टाइट नेक’ (मानेभोवती मुद्दाम कमी जागा ठेवलेल्या) मॅच चेंबरच्या, म्हणजे स्पर्धेसाठी केलेल्या चेंबरच्या, मोहात नवख्यानं पडू नये. मानेला फुगायला जागा नसेल तर गोळी सुटत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. तिथं प्रत्येक मान बाहेरून टर्न करावी, म्हणजे कातून पातळ करावी, लागते.

माझं मत स्पष्ट आहे: पितळ पुरवून वापरायचं असेल तर कारखान्याच्या स्टँडर्ड चेंबरची .३०८. इतिहासाची ओढ असेल तर .३०३ जरूर घ्या, पण व्यवहाराआधी त्याच रायफलीतून उडवलेली पुंगळी मागा आणि नव्या काडतुसाशेजारी उभी करा. खांदा ठळक पुढे सरकलेला आणि बुडावर फुगवटा दिसला, तर दुसरी रायफल बघा.