मॅसी १३५ की फोर्ड ३०००? माझा कौल

आधीच कबूल करतो, मला मॅसीच घ्यायचा होता. लाल बॉनेट दिसलं की माझी अक्कल गहाण पडते. महिनाभर जुने ट्रॅक्टर बघत हिंडलो आणि शेवटी निळा घेऊन आलो, त्याची ही गोष्ट.

दोन्ही एकाच पिढीचे. मॅसी फर्ग्युसन १३५ आला १९६४ साली, फोर्ड ३००० पुढच्या वर्षी. मी बघितलेले दोन्ही तीन सिलिंडरचे डिझेल. इंजिनात मॅसी सरस, असं माझं मत. अडीच लिटरच्या त्या पर्किन्स इंजिनाला लायनर असतात, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणाऱ्या, बदलता येणाऱ्या नळ्या. सिलिंडर झिजला की लायनर बदलायचे. फोर्डच्या ब्लॉकला मुळात लायनरच नाहीत, त्यामुळे बोअर (सिलिंडरचं भोक) वाढवा, नाहीतर स्लीव्ह (नवी नळी) बसवून घ्या.

घोडं अडलं ते लिफ्टपाशी, म्हणजे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेपाशी. मॅसीचा हायड्रोलिक पंप मागच्या पेटीत तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालतो. क्लच पूर्ण दाबला की पीटीओ थांबतो आणि त्याच्याबरोबर लिफ्टही. नांगरटीला याने काही बिघडत नाही. पण मला पुढे बकेट लावून दिवसभर माती उचलायची असते, पुढे-मागे करताना पाय सारखा क्लचवर. फोर्डचा पंप इंजिनाच्या बाजूला बाहेरून बसवलेला. क्लच दाबला तरी लिफ्ट चालूच. शिवाय दुरुस्तीला पाना घेऊन थेट हात घालता येतो.

गंमत म्हणजे हॅरी फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर भागीदारी केली होती. पुढे ती कोर्टात गेली आणि १९५२ साली तडजोडीने मिटली. आपण अजून दोघांच्या ट्रॅक्टरांवरून वाद घालतोय.

तर जो मॅसी पसंत पडला होता, त्याचा नांगर उचलला, इंजिन बंद केलं आणि गप्प उभा राहिलो. पाच मिनिटांच्या आत फाळ जमिनीला टेकले, म्हणजे लिफ्ट दाब धरत नाही. मागच्या पेटीची तेलपट्टी ओढली तर तेल दुधाळ. गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, पावसाचं पाणी तिथूनच आत गेलेलं. विकणारा म्हणे, ‘तेल आत्ताच बदललंय साहेब!’ ट्रॅक्टर वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवला, त्याला कंपनी काय करणार?

फोर्ड मला ‘७१ चं मॉडेल’ म्हणून दाखवला. सेल्फमागच्या सपाट जागेवरचा चिखल खरवडला, खाली आकडे निघाले: ७ सी १२. सात म्हणजे १९६७, सी म्हणजे तिसरा महिना, तारीख १२. मालकाचा चेहरा पडला आणि घासाघीस सोपी झाली. नांगर मात्र चांगला अर्धा तास हवेत राहिला. तेलाचं झाकण काढून चालत्या इंजिनावर बघितलं, धूर अगदी नावाला, म्हणजे इंजिन फारसं झिजलेलं नाही.

मॅसीत मल्टी-पॉवर (चालता चालता क्लचशिवाय हाय-लो बदलायची सोय) असेल तर उतारावर जपून. लो ला इंजिनाचा ब्रेक लागत नाही, ट्रॅक्टर मोकळा सुटतो. आणि फोर्डात सिलेक्ट-ओ-स्पीड गिअरपेटी असेल तर मी तरी हात जोडेन. क्लचशिवाय दहा गिअर ऐकायला छान, पण ती पेटी उघडून नीट करणारा मिस्त्री आधी शोधून ठेवा. माझा साधा आठ गिअरचा आहे.

स्टिअरिंगला चार बोटं खेळ आहे. तो बघूनच घेतला. किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) बुश आणून ठेवलेत, जॅक मिळाला की पुढचं चाक उतरवणार.