नऊ महिने वापरून: विनोदी मालिकांनी निराशा केली, जुन्या विज्ञानमालिकांनी पैसे वसूल केले, पण चित्र कापून का देता?

मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या या अ‍ॅपचा वर्षाचा प्लॅन घेऊन नऊ महिने झाले. किती स्क्रीन, किती क्वालिटी, जाहिराती येतात की नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते पुन्हा लिहीत नाही. परवा रात्री कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोललो. तिकडचा मुलगा म्हणाला, "सर, पिक्चर फुल स्क्रीन येतंय ना, मग प्रॉब्लेम काय?" चित्र फुल स्क्रीन येतंय हीच माझी तक्रार आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी विनोदी मालिका, कारण प्लॅन घेतला तो त्यांच्यासाठी. घरात आई, सौ. आणि मी. मुलगा पुण्याला नोकरीला. जेवणं झाल्यावर तासभर तिघांनी मिळून हसावं, एवढीच अपेक्षा. महिन्याचे १९९ भरत बसण्यापेक्षा एकदम १,४९९ भरले, म्हणजे महिन्याला सव्वाशे. बँकेत कॅशला बसतो, त्यामुळे डायरीत नोंद ठेवायची सवय आहे. चौदा विनोदी मालिका सुरू केल्या, शेवटपर्यंत तीनच पाहिल्या. बाकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागातच सुटल्या.

का सुटल्या, तेही लिहून ठेवलंय. जाड माणसाला जाड म्हणायचं, पुरुषाला साडी नेसवायची, सासूला ओरडायला लावायचं. आणि गावाकडचा माणूस दाखवायचा झाला की तो सांगली, सातारा किंवा कोल्हापूरचा. तो प्रत्येक वाक्याला "काय रं", "लई भारी" म्हणणार आणि शहरातली लिफ्ट बघून घाबरणार. माझा जन्म सांगलीच्या गावभागातला. आमची बोली रांगडी आहे, पण तिच्यात तिरकस, हळू आवाजात मारलेले टोमणे असतात. माझे आजोबा सगळ्या वाड्याला हसवायचे आणि स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत. लिहिणाऱ्याला ते ऐकू आलेलं नाही, त्यानं नुसतं "रं" तेवढं उचललं. आई तर चौथ्या मालिकेपासून उठून आत जायला लागली. याचा मला खरंच राग आहे.

दुसरी गोष्ट रेकॉर्ड केलेल्या हशाची. अमेरिकेत १९५० च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या साउंड इंजिनिअरनं हशाचं यंत्र बनवलं, तेव्हापासून जगभर हे चालू आहे. आम्ही सांगलीची माणसं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, गावाला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. भावे नाट्यमंदिरात मी लहानपणापासून नाटकं बघतोय. तिथला हशा कधी एका दमात येत नाही. आधी मागच्या रांगेतला एखादा फुटतो, मग मधले, आणि पुढच्या खुर्च्यांवरचे सगळ्यात शेवटी. नट त्या लाटेसाठी थांबतो, कधी अर्धा सेकंद, कधी पाच. या मालिकांमध्ये नट थांबतच नाही, आणि हशा येतो तो कापून चिकटवलेला, प्रत्येक वेळी तेवढाच.

दोन महिन्यांत प्लॅन वाया गेला असं मी धरून चाललो होतो. एका रात्री झोप येईना म्हणून मेनूत खाली खाली जात राहिलो, तर अंतराळयानाच्या सफरींची अमेरिकन मालिका 'स्टार ट्रेक' दिसली. १९६६ ते १९६९ मधली मूळची, ७९ भागांची.

मी बारा-तेरा वर्षांचा असताना दूरदर्शनवर रविवारी सकाळी ते लागायचं. वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडं, ब्लॅक अँड व्हाइट, शटरचा. मुंग्या आल्या की कुणीतरी कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि आम्ही खालून "आलं, आलं, गेलं" ओरडायचो. इंग्रजी काहीच कळायचं नाही. यानावरच्या परग्रहवासी स्पॉकचे टोकदार कान, माणसं विरघळून दुसरीकडं उगवणं आणि दार आपोआप सरकणं, एवढ्यावर आठवडा काढायचो. यानातल्या माणसांचे शर्ट सोनेरी, निळे आणि लाल असतात, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. पहिल्या रात्री नुसते शर्ट बघत बसलो.

आता भाषा कळते, म्हणून जास्तच आवडतंय. माणसं विरघळवण्याची युक्तीसुद्धा काटकसरीतून आली. दर आठवड्याला अवाढव्य यान ग्रहावर उतरवून दाखवायला पैसे नव्हते, म्हणून माणसं थेट खाली पाठवणारा हा ट्रान्सपोर्टर. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडायची वेळ आली, प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून ती वाचवली. पण तिसऱ्या सीझनचं बजेट कापलं आणि वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची. जाणकार या सीझनला कमी लेखतात, पण मला त्यातलेच दोन भाग सगळ्यात जास्त भावले. 'स्पेक्टर ऑफ द गन'मध्ये एक जुनं अमेरिकन गाव आहे, पण घरांच्या नुसत्या दर्शनी भिंती उभ्या, मागं काही नाही, वर लालभडक आभाळ. गाव खोटं आहे हे स्पॉक ओळखतो, आणि खोटं आहे यावर पक्का विश्वास बसला तर गोळीही लागत नाही, ही त्या भागाची गोष्ट. 'द एम्पाथ' तर जवळजवळ काळ्या रिकाम्या रंगमंचावर घडतो. प्रकाशाचं वर्तुळ, तीन माणसं आणि दुसऱ्याची जखम स्वतःच्या अंगावर घेणारी एक मुकी बाई. स्पर्धेतल्या नाटकात एक चौकट ठेवतात आणि म्हणतात हे घर, आणि आपण मानतो. तसंच मी हे मानलं. सौ. सुरुवातीला नुसती शेजारी बसायची, त्या बाईच्या भागाला तिनं हातातलं विणकाम खाली ठेवलं.

मग 'द ट्वायलाइट झोन' सुरू केलं, प्रत्येक भागात वेगळी अद्भुत गोष्ट सांगणारी अमेरिकन मालिका. १९५९ ते १९६४, १५६ भाग, बहुतेक अर्ध्या तासाचे. तिचा कर्ता-लेखक रॉड सर्लिंग आधी टीव्हीसाठी वंशद्वेषावर लिहायला गेला तेव्हा जाहिरातदारांनी संहितेत काटछाट केली. मग त्यानं तेच विषय परग्रहवासी आणि भुताखेतांच्या आडून मांडले. एका गल्लीतले दिवे जातात आणि शेजारी एकमेकांवर संशय घ्यायला लागतात, असा एक भाग आहे. २०१९ च्या पुरात आमच्याकडं दिवे गेले तेव्हा शेजाऱ्यांनी उलट आईला पाठीवर घेऊन जिना चढवला होता, तरी तो भाग बघताना मी अस्वस्थ झालो. आणि 'टाइम इनफ अ‍ॅट लास्ट' मधला बँकेतला कॅशियर! त्याला फक्त वाचायचं असतं. जग संपतं, पुस्तकं उरतात आणि चष्मा फुटतो. तो भाग संपल्यावर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. चौदा विनोदी मालिकांना जे जमलं नाही, ते पंचवीस मिनिटांत झालं.

आता चित्राकडं येतो. जुन्या मालिका ४:३ मापात (रुंदी चार तर उंची तीन) काढलेल्या, आजचे टीव्ही जास्त रुंद, १६:९. त्यामुळं दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. माझ्या ४३ इंची टीव्हीवर मेजपट्टी लावून बघितलं: पडदा ९५ सेंटिमीटर रुंद, त्यात खरं चित्र ७१ सेंटिमीटरचं बसतं आणि दोन्हीकडं बारा-बाराची पट्टी उरते. मला मात्र पट्टी कुठंच दिसेना. ट्वायलाइट झोनमधली माणसं आडवी फुगलेली, चंद्र अंड्यासारखा. मी चिडून एक स्टार दिला.

इथं मला मत बदलावं लागलं. दिवाळीला मुलगा आला, त्यानं रिमोटवरून प्लेअरच्या मेनूत जाऊन 'स्ट्रेच' काढलं आणि 'मूळ आकार' लावलं. चंद्र गोल झाला. ती चूक माझी होती. स्टार वाढवून तीन केले.

पण स्टार ट्रेकला 'मूळ आकार' लावून काहीच फरक पडला नाही, कारण त्यांच्याकडची फाइलच वरून-खालून कापलेली आहे. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये कापून बसवलं की उंचीचा चौथा भाग जातो. ट्रान्सपोर्टरच्या खोलीत जमिनीवर सहा गोल चकत्या असतात, माणसं त्यांवर उभी राहून विरघळतात. या अ‍ॅपवर चकत्या दिसतच नाहीत, पाय घोट्यापासून गायब. जवळून चेहरा घेतला की कपाळ जातं. कॅमेरा धरणाऱ्यानं जे मोजून मापून चौकटीत ठेवलं, ते कुणीतरी बटण दाबून कापलं. १९६०-७० च्या दशकांत बीबीसीनं टेप पुसून आपल्याच 'डॉक्टर हू' या विज्ञानमालिकेचे कितीतरी भाग कायमचे घालवले, तेव्हा निदान कुणाला किंमत माहीत नव्हती. आज किंमत माहीत आहे, माझ्याकडून घेतलीही आहे.

पहिल्या फोनला सांगितलं, अ‍ॅप काढून पुन्हा टाका. दुसऱ्या वेळी कॅशे (साठलेला तात्पुरता डेटा) क्लिअर करा, तिसऱ्या वेळी राउटर बंद-चालू करा. तिन्ही केलं. चौथ्याचं वर लिहिलंच आहे. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्यापुढं जे लिहून दिलंय ते तो वाचतो. राग आहे तो तक्रारीच्या यादीत 'चित्र कापलं आहे' असा पर्यायच न ठेवणाऱ्यांवर. शेवटी 'इतर' निवडून, चकत्यांचा फोटो काढून जोडला.

घ्यायचा असेल तर वर्षाचा घेऊ नका, महिन्याचा घ्या. ट्वायलाइट झोनसाठी दोन-तीन महिने पुरतात. विनोदासाठी घेत असाल तर तेच पैसे नाटकाच्या तिकिटाला घाला. मी ऑटो-रिन्यू बंद केलंय. तिसऱ्या सीझनच्या २४ पैकी ११ भाग राहिलेत, ते पुरवून बघतोय, आठवड्याला एक, रविवारी सकाळी. आता आईसुद्धा बाहेर येऊन बसते. तक्रारीपुढं अजून 'प्रक्रियेत आहे' एवढंच दिसतंय.