बिल्ला बदलून विकलेला माडग्याळ मेंढा : २,३०,२०० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

व्हिडिओत एक माडग्याळ मेंढा दाखवला आणि कानातला बिल्ला बदलून आम्हाला दुसराच दिला. आधी हिशेब मांडतो. आकडा झाकून ठेवला की ऐकणारा म्हणतो, गेले असतील थोडेफार. मेंढा १,६५,००० रुपये, त्यातले २१,००० इसार म्हणून आधी. दोन "गाभण" मेंढ्या प्रत्येकी २४,००० प्रमाणे ४८,०००. गाडीभाडं ९,५००. "कागदपत्रांचा खर्च" ३,५००. मेंढ्यापासून मेंढ्या गाभण राहत नाहीत म्हटल्यावर विकणाऱ्यानेच पाठवलेल्या "ताकदीच्या पावडर"चे ४,२००. एकूण २,३०,२००. बावीस मेंढ्यांचं घरचं खांड म्हणजे कळप, त्यात पैदाशीला आणि प्रदर्शनात उभा करायला एक चांगला नर हवा, एवढीच गरज होती. हौसेपोटी पैसा उधळला असं कुणी म्हणू नये. खांडातला नर दर दोन-तीन वर्षांनी बदलला नाही तर बाप-लेकींची पैदास होते आणि कोकरं खुरटतात. नर बाहेरूनच आणावा लागतो.

जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही मेंढरं सगळ्यांना माहीत आहेत. राघूसारखं बाकदार नाक, लांब मान, उंच पाय, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके. २०२० च्या डिसेंबरात आटपाडीकडच्या एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याच्या बातम्या फिरल्या आणि तेव्हापासून नाकाला जरा बाक असलेलं कुठलंही जनावर लाखाच्या खाली बोलायला कुणी तयार नाही. या भावानेच भामट्यांना रान मोकळं करून दिलं. पुढची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. मोबाईलवर देखणा व्हिडिओ, बापाने पहिला नंबर काढल्याचं प्रमाणपत्र, "अजून दोन गिऱ्हाईकं मागे लागलीत, इसार टाका म्हणजे थांबवतो", आणि जनावर घरपोच.

आता मुख्य गोष्ट, तीच नीट वाचा. व्हिडिओतल्या मेंढ्याच्या डाव्या कानात पिवळा बिल्ला, म्हणजे जनावराच्या ओळखीचा बारा अंकी नंबर असलेली पट्टी, होता. गाडीतून जो मेंढा उतरला त्याच्या उजव्या कानात होता. नंबर तोच, बाराच्या बारा अंक जुळत होते. कान बदललाय हे विचारलंही होतं. उत्तर तयार होतं : "व्हिडिओ सेल्फी कॅमेऱ्याने काढलाय, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं." ऐकायला अगदी पटतं. पण चित्र उलटं असेल तर बिल्ल्यावरचे आकडेही उलटे दिसायला हवेत ना? व्हिडिओत ते सरळ, वाचता येण्याजोगे होते. आकडे सरळ म्हणजे कान डावाच. एवढ्या एका गोष्टीवर गाडी तिथूनच परत पाठवता आली असती. तिन्हीसांज झालेली, मेंढा दोरीला झटके देतोय, ड्रायव्हर उरलेल्या पैशासाठी घाई करतोय. अशा गडबडीत आरसा आणि आकडे यांचा विचार कुणाच्या डोक्यात येतो? म्हणून तर ते दिवस मावळताना जनावर उतरवतात. सकाळच्या उन्हातच उतरवून घ्या. रात्र होणार असेल तर गाडी थांबवून ठेवा आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या.

त्या उजव्या कानाचं भोक ओलं होतं, कडा सुजलेल्या, वर जखमेचा जांभळा फवारा मारलेला. "गोचीड चावलं होतं, बरं होतंय" म्हणे. जुन्या बिल्ल्याचं भोक कोरडं असतं, कडा आत वळून बसलेल्या असतात, हलवलं तरी जनावर मान झटकत नाही. ओलं, लाल, पू धरलेलं भोक म्हणजे बिल्ला नुकताच मारलाय. खरा बिल्ला दोन भागांचा असतो आणि एका भागाची टोकदार खुंटी दुसऱ्या भागात एकदा अडकली की न तोडता निघत नाही. म्हणून कान उलटा करून मागची बाजू बघा. खुंटी कापलेली दिसली, डिंक लावलेला दिसला किंवा दोन भागांचा रंग वेगळा दिसला तर ते जनावर दुसऱ्याच्या नावावर उभं आहे.

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही आणि नंबराची नोंद भारत पशुधन या सरकारी ऑनलाइन प्रणालीत असते. विकणाऱ्याने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका. आमच्याकडे आलेल्या स्क्रीनशॉटमधून वयाची ओळ कापलेली होती. पैसे देण्याआधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नंबर सांगून जात, लिंग, वय आणि मालकाचं नाव तोंडी तरी पडताळून घ्या.

दातांवरूनही हा मेंढा उघडा पडत होता. "चारदाती", म्हणजे चारच मोठे दात आलेला, म्हणून विकलेला नर प्रत्यक्षात आठही दात पूर्ण आलेला, कडेचे झिजलेले. मेंढराला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे आठही दात असतील तर साधारण वर्षाच्या आतलं. मधले दोन मोठे आले की सव्वा-दीड वर्षाचं, चार म्हणजे दोनच्या आसपास, सहा म्हणजे तीनच्या आगेमागे, आठ म्हणजे साडेतीन-चार आणि पुढे. चारापाण्यावर थोडं इकडेतिकडे होतं, पण चार आणि आठ यात गफलत होत नाही. मालकाला तोंड उघडू देऊ नका. तो ओठ अर्धाच वर करतो, मधले चार दाखवतो आणि कडेचे अंगठ्याखाली झाकतो. दोन्ही बाजूंचे ओठ स्वतःच्या हाताने बाजूला करा.

ठिपके रंगवलेले असतात हेही लिहून ठेवतो. केस फुंकर मारून दुभागा. टोक तपकिरी आणि मूळ पांढरं दिसलं तर तो डबीतला रंग. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घासला तरी कळतं. उंचीही व्हिडिओत फसवते. मेंढा ओट्यावर उभा करून कॅमेरा खाली धरला की वीतभर वाढते. सपाट जमिनीवर, शेजारी वीस लिटरचा पाण्याचा जार ठेवून व्हिडिओ मागा. त्यात बिल्ला, दात आणि शेपूट उचलून मागची बाजू, सगळं न तोडता एकाच चित्रीकरणात हवं.

मागची बाजू म्हणजे वृषण. पैदाशीचा नर घेताना नाकापेक्षा हे महत्त्वाचं आणि सगळेजण नेमकं हेच लाजून सोडून देतात. मेंढ्याच्या मागे बसून दोन्ही हातांनी दोन्ही वृषणं एकाच वेळी चाचपा. दोन्ही सारख्या आकाराची, घट्ट पण दाबल्यावर किंचित लवचिक, पिशवीत मोकळी वरखाली सरकणारी हवीत. प्रत्येकाच्या तळाशी एक छोटी गाठ लागते, ती नैसर्गिक. ती एका बाजूला दगडासारखी कडक किंवा दुप्पट मोठी लागली तर तिथे आजार झालेला आहे, आणि त्यातले काही आजार सांसर्गिक असतात. या मेंढ्याचं डावं वृषण उजव्याच्या निम्मं होतं आणि खालची गाठ कडक. पिशवीच्या मानेत चरबीचा जाड थर होता, कारण प्रदर्शनासाठी मका चारून फुगवलेला. या चरबीने वृषणं गरम राहतात आणि वीर्य बिघडतं. पशुवैद्यकाने दोन मिनिटांत सांगितलं. पण ते फार नंतर.

आधी काय झालं बघा. नर सोडताना त्याच्या छातीला गेरू आणि गोडेतेलाचा घट्ट लेप लावायचा. ज्या मेंढीवर तो चढतो तिच्या पुठ्ठ्यावर खूण उमटते. मेंढीचा माज साधारण १७ दिवसांनी फिरून येतो, म्हणून सतराव्या दिवशी लेपाचा रंग बदलायचा, काजळी घातली तरी चालते. पहिल्या रंगाच्या मेंढ्यांवर दुसरा रंग उमटायला लागला तर त्या उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. एखाद-दुसरी उलटणं स्वाभाविक. इथे जवळपास सगळ्याच उलटल्या. फोन केला तर विकणारा म्हणाला, "प्रवासाचा ताण, हवापाणी बदललं, अंगात कणकण आली असेल, दोन महिने थांबा." हे वाक्य धादांत खोटं असतं तर लगेच पकडलं असतं. पण ताप आला की मेंढ्याचं वीर्य खरंच बिघडतं आणि नवं तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात. खऱ्या शास्त्राचा आधार घेऊन त्याने आमचे दोन महिने खाल्ले, वर पावडर विकली. तेवढ्यात फोन बंद झाला आणि मृगानंतरचा फळण्याचा हंगाम निघून गेला. त्यामुळे दोन महिने थांबायला सांगणाऱ्याला त्याच दिवशी लेखी उत्तर पाठवा आणि त्याच आठवड्यात वीर्य तपासून घ्या. थांबू नका.

त्या दोन मेंढ्या गाभण नव्हत्याच. भरड आणि पाणी भरून पोटं फुगवलेली. मेंढीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, आणि दीड महिन्यापुढे सोनोग्राफीत गाभ दिसतो. "तीन महिन्यांची" म्हणून विकतोय ना, मग तपासणीचा खर्च आम्ही देतो म्हणा. टाळाटाळ झाली की समजा.

मक्यावर पोसलेला नर आणला आणि एकदम कडब्यावर सोडला किंवा उलट केलं तर पोट बिघडून जनावर बसतं. विकणाऱ्याकडून आठवडाभराचं तेच खाद्य बरोबर घ्या आणि दहा-बारा दिवसांत हळूहळू बदला. धान्याच्या भडिमाराने नराला मूतखडाही होतो. थेंब थेंब मुतणारा, शेपूट आपटत कुंथणारा मेंढा उभ्या उभ्या नाकारा. आणि आल्या आल्या खांडात मिसळू नका, किमान तीन आठवडे वेगळा बांधा.

आता कचेऱ्यांचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "जनावर मिळालंय ना, मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब." म्हटलं, दाखवलं एक आणि दिलं दुसरं, बिल्ला बदलून दिलं. मग म्हणे हद्द आमची नाही, विकणाऱ्याच्या तालुक्यात जा. तिथे म्हणाले पैसे तुमच्या गावातून गेले, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले माल पोचलाय, आमच्यात बसत नाही. बँक म्हणाली पैसे तुम्हीच तुमच्या हाताने पाठवलेत. बिल्ल्याचा मूळ मालक कोण हे विचारायला गेलो तर म्हणे, ती माहिती देता येत नाही. मग तो नंबर कुणासाठी मारता? बिल्ला सक्तीचा करायचा, शेतकऱ्याला त्यासाठी हेलपाटे घालायला लावायचे, आणि त्याच बिल्ल्याने चोरी झाली की हात वर! एका साहेबांनी तर मेंढ्याकडे बघून "बिर्याणीला चांगला आहे" म्हटलं. सव्वादोन लाखांचं नुकसान घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी बोलायची ही रीत आहे का?

प्रदर्शन भरवणाऱ्यांनीही खांदे उडवले. त्यांच्या प्रमाणपत्रावर मालकाचं नाव, गट आणि क्रमांक असतो, जनावराचा नंबर नसतो. एकाच कागदाच्या झेरॉक्सवर वीस मेंढे विकता येतात, आणि विकले जातातही. प्रमाणपत्रावर बारा अंकी नंबर आणि जनावराचा फोटो छापायला किती खर्च येतो? मंडपाच्या खर्चापुढे काहीच नाही.

हद्दीचं कारण ऐकून परत फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. घेतली नाही तर तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपून ठेवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जात "मेंढा आजारी निघाला" लिहिलंत तर तो दिवाणीच होणार. "दाखवलेलं जनावर न देता, ओळखचिन्ह बदलून दुसरं दिलं" असं लिहा आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ नमूद करा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच, त्याच दिवशी, कारण पुढे खात्यात गोठवायला काही उरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या जनावराची तक्रार ग्राहक आयोगातही चालते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची.

पुरावा म्हणून मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका, पुढे पाठवलेल्या प्रतीवर शंका घेता येते. मेंढा विकूनही टाकू नका. त्याच्या दोन्ही कानांचे पुढून-मागून फोटो, दातांचे फोटो आणि पशुवैद्यकाचा तारखेसह लेखी अहवाल, ज्यात बिल्ल्याचा नंबर लिहिलेला असेल, एवढं आधी करा.

डाव्या कानातला बिल्ला उजव्यात, जांभळा फवारा आणि दोन महिने थांबण्याचा सल्ला, या तीन गोष्टी कुणाच्या व्यवहारात जुळत असतील तर आपापल्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या. एकट्याची तक्रार दिवाणी म्हणून बाजूला टाकतात. एकाच खात्यावर चार ठाण्यांतून तक्रारी आल्या की तसं करणं जड जातं.