"हवेवर चालते, लायसन लागत नाही": काटोलच्या शेतात आलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल

नागपूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ फिरतोय. काळी, दुर्बीण लावलेली रायफल, एकामागून एक सुटणारे छर्रे, आरपार फुटणारा तेलाचा डबा. खाली मजकूर: मोठा बोअर (म्हणजे नळीचा व्यास), सेमी-ऑटोमॅटिक (पुढचा छर्रा आपोआप चढवणारी), हवेवर चालते, लायसनची गरज नाही, रानडुकरांसाठी खास. माझ्या मामांनी ती रायफल घेतली. एकूण १ लाख १४ हजार ५०० रुपये गेले. हे मी त्यांच्या संमतीनं लिहितेय, कारण ते त्यांच्या गावातले एकटे गिऱ्हाईक नव्हते, आणि बाकीचे अजून गप्प आहेत.

मामांची शेती काटोल तालुक्यात. संत्र्याची बाग आहे, आणि बागेला लागून हरभरा, तूर, थोडा भुईमूग. डुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचा वाफा असा उकरतो की सकाळी तिथे पेरणी झाली होती हेही कळत नाही. ठिबकच्या नळ्या तुटतात, संत्र्याची लहान कलमं मुळासकट उपटली जातात. मामा सत्तरीला टेकलेत, तरी हंगामात जागलीवर जातात. "माय, रात्रभर जागलीले बसतो, डबे वाजवतो, तरी डुक्कर येतेच," हे त्यांचं बोलणं मी कितीतरी वर्षं ऐकतेय. शहरात बसून अशा माणसाला लोभी किंवा भोळा म्हणणं सोपं आहे. विकणाऱ्यानं त्यांचा लोभ नाही, त्यांची झोप हेरली होती.

फोनवरचा माणूस अगदी आपल्या बोलीत बोलायचा. "काका, ही फायर आर्म नाहीच ना जी. बारूद नाही, काडतूस नाही. हवेवर चालते, म्हून लायसन नाही लागत." किंमत ६५ हजार. त्यातले २० हजार आधी यूपीआयनं, उरलेले माल हातात आल्यावर. दुकान दाखवायला तो तयार नव्हता, गोडाऊन नागपुरात असल्याचं सांगायचा. एका रात्री अमरावती रोडवर वाडीच्या पुढे दोन पोरं मोटारसायकलवर आली, गोणपाटात गुंडाळलेली रायफल आणि हवा भरायचा हातपंप देऊन, रोख घेऊन निघून गेली. बिल दिलं नाही. त्याऐवजी मामांच्या फोनवर एक 'ना हरकत प्रमाणपत्र' आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का.

पुढची सगळी फसवणूक "हवेवरची आहे म्हणून लायसन नको" या एका वाक्यावर उभी आहे, म्हणून कायदा नीट सांगते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे एअर रायफल परवान्याशिवाय ठेवायची तर दोन अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या वर नको. आणि नळीतून बाहेर पडताना छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर नको. यातली एक जरी मोडली तरी ती परवान्याची वस्तू झाली, मग ती हवेवर चालो नाहीतर आणखी कशावर. म्हणजे 'मोठा बोअर' आणि 'लायसन नको' हे दोन शब्द एका जाहिरातीत खरे असूच शकत नाहीत. खऱ्या काडतुसाच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींबद्दल तर बोलायलाच नको. त्या निर्बंधित गटात येतात आणि शेतकऱ्याच्या साध्या परवान्यावर मिळत नाहीत.

ऊर्जेचा हिशेब कोणालाही करता येतो. छर्ऱ्याचं वजन किलोत घ्या, वेगाच्या वर्गानं गुणा, अर्धं करा. ४.५ मिलिमीटरचा साधारण छर्रा ०.५३ ग्रॅमचा असतो. तो सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास गेला की २० जूल भरले. जाहिरातीत '१२०० फूट वेग' लिहिलेलं असतं, ते होतात सेकंदाला ३६६ मीटर. त्याच छर्ऱ्यानं ही ऊर्जा ३५ जूलच्या पुढे जाते. मग एकतर तो आकडा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यानं फुगवलेला असतो, नाहीतर ती रायफल परवान्याशिवाय ठेवताच येत नाही. मी नागपुरात मुलामुलींना १० मीटर एअर रायफल शिकवते. आमच्या स्पर्धेच्या रायफलीचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटरनं जातो, जेमतेम ८ जूल. ऑलिम्पिकचं पदक एवढ्यावर मिळतं.

रायफल बिघडली तेव्हा मामांनी मला फोन केला, तोवर ती घरात आहे हेच मला माहीत नव्हतं. सुरुवातीचे काही छर्रे बरे सुटले, मग छर्रा नळीत ढकलणारा बोल्ट अर्ध्यातच अडकायला लागला, कधी दोन छर्रे एकावर एक नळीत. विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणाला रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, खराब आहे, दिल्लीहून मागवावा लागेल, साडेनऊ हजार पाठवा. पाठवले. रेग्युलेटर काही आला नाही. उलट व्हिडिओ कॉलवर त्यानं सांगितलं की हवा भरायच्या तोंडात शिलाई मशीनचं तेल सोडा.

हे तेलाचं ऐकून मी शिकवणी सोडून काटोलला निघाले. या प्रकारच्या रायफलीत टाकीमध्ये आधीच २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास हवा दाबून भरलेली असते. गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असते, म्हणजे त्याच्या नव्वदपट. एवढ्या दाबाच्या हवेत साधं खनिज तेल गेलं आणि पंपाचा झटका बसला, तर ते आपोआप पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिन ठिणगीशिवाय याच तत्त्वावर चालतं. जाणकार कारागीर तिथे सिलिकॉनचंच ग्रीस वापरतात, तेही ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कडीला, लावण्यापुरतं. जो माणूस म्हाताऱ्या शेतकऱ्याला तिथे शिलाई मशीनचं तेल ओतायला सांगतो, त्याला माल विकलेला माणूस जगला काय आणि मेला काय, सारखंच.

मामांनी सुदैवानं तेल सोडलं नव्हतं. रायफल मी गाडीत घालून नागपूरला आणली नाही, हे मुद्दाम सांगते. विनापरवाना हत्यार घेऊन रस्त्यानं फिरणं हा आणखी एक गुन्हा झाला असता. तिथेच गोठ्याच्या ओसरीवर ती रिकामी आहे याची खात्री केली आणि न चालवता तपासली.

नळीच्या तोंडाला व्हर्नियर (व्यास मोजायचं साधन) लावला तर साडेपाच मिलिमीटर भरले. मी सोबत नेलेला स्पर्धेचा छर्रा आत टाकला तो खडखडत दुसऱ्या टोकानं बाहेर पडला. विकली होती पॉइंट थ्री झीरो इंचाची, म्हणजे साडेसात मिलिमीटरच्या वर. निघाली पॉइंट टू टू. सांगितलेल्यापेक्षा लहान, आणि कायद्याच्या मर्यादेपेक्षा मोठी! मामांना हवं ते मिळालं नाही, आणि जे मिळालं त्यानं ते गुन्ह्यात आले.

अडकण्याचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. हवेच्या सेमी-ऑटोमॅटिकमध्ये प्रत्येक छर्रा सुटताना थोडी हवा बोल्ट मागे ढकलायला खर्च होते. बोल्ट पूर्ण मागे गेला तर घोडा चढतो आणि स्प्रिंगनं परत येताना तो पुढचा छर्रा नळीत ढकलतो. टाकीचा दाब कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून परततो, छर्रा अर्धा आत, अर्धा बाहेर राहतो, आणि पुढच्या खेपेला दुसरा त्याच्यावर जाऊन बसतो. मामांच्या रायफलीचा काटा संध्याकाळी २०० दाखवायचा आणि सकाळी १२० वर यायचा. सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, तर दाबाच्या घड्याळाच्या आट्यांतून आणि हवा भरायच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले. ओ-रिंग कापलेल्या होत्या. रेग्युलेटर तर त्या रायफलीत कधी बसवलेलाच नव्हता, ज्याच्यासाठी साडेनऊ हजार घेतले तो.

मला खरी धास्ती टाकीची वाटली. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, क्रमांक नव्हता, दाबाच्या चाचणीचा शिक्का नव्हता. लेथवर कापलेला पाइप, त्याला दोन्ही टोकांना आटे पाडलेले आणि वरून काळा रंग. रायफल नेम धरून झाडताना ती टाकी डाव्या हाताच्या तळव्यावर आणि तोंडापासून वीतभर अंतरावर असते. मी हवा हळूहळू सोडून दिली आणि मामांना सांगितलं की आता हिला कोणी हात लावायचा नाही.

आणि ज्या डुकरासाठी हे सगळं, त्याला ती उपयोगाची नव्हतीच. असल्या छर्ऱ्यानं रानडुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर जागलीवरच्या माणसावर येतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारणं हाही गुन्हाच आहे.

यानंतर खरा सापळा बंद झाला. मी परतले त्याच आठवड्यात मामांना व्हॉट्सअॅपवर फोन आला. चित्राच्या जागी पोलिसांचं बोधचिन्ह, समोर वर्दीतला माणूस. "तुमच्याकडे बेकायदा शस्त्र आहे, शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा दाखल होतोय, दीड लाख भरले तर इथेच मिटवू." आणि त्यानं मामांना मामांचाच फोटो पाठवला: हातात ती रायफल, दुसऱ्या हातात आधार कार्ड. हा फोटो विकणाऱ्यानं 'वॉरंटीची नोंद' म्हणून मागून घेतला होता. म्हणजे विकणारा आणि धमकावणारा एकाच टोळीचे. रायफल हे फक्त गळाला लावलेलं आमिष होतं. ६५ हजार त्यांनी आधी घेतले आणि शिवाय भीती निर्माण केली, जी पुढे कितीही वेळा वसूल करता येते. मामांनी घाबरून सकाळीच ४० हजार पाठवले, आणि संध्याकाळी मामीनं मला फोन केला.

मामा म्हणत होते, "पोलिसाईकडे गेलो तर मलेच आत टाकतीन." या एका वाक्यावर ही टोळी जगते. त्यांच्या फसवणुकीला बळी पडलेला माणूस तक्रार करत नाही, कारण कायद्याच्या नजरेत तोही अडकलेला असतो. खोटा धीर देऊन काही फायदा नव्हता, म्हणून आम्ही आधी ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं: शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना लागत होता, तो नव्हता, तेव्हा चौकशी होणार. पण स्वतःहून जाऊन हत्यार जमा करणं, पैसे पाठवल्याचे पुरावे देणं, यावरून हेतू दिसतो. लपवून ठेवलेलं हत्यार छाप्यात सापडलं तर तसं म्हणायला जागा उरत नाही.

त्याच संध्याकाळी १९३० वर फोन करून ४० हजारांच्या व्यवहाराची तक्रार नोंदवली. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि पैसे पुढच्या खात्यात पळायच्या आत तिथे कळवलं तर बँकेला ते रोखता येतात. आमच्या तक्रारीमुळे त्यातले ३१ हजार गोठले. रोख दिलेले आणि आधीचे पैसे हाती लागले नाहीत. दुसऱ्या दिवशी वकिलांसोबत मामा ठाण्यात गेले. पोलीस शेतावर आले, पंचनामा करून रायफल ताब्यात घेतली, फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली घेतली. त्या वर्दीवाल्याचा फोन पुन्हा आला तेव्हा मामांनी "रायफल ठाण्यात जमा आहे जी" एवढंच सांगितलं. फोन कट झाला आणि परत आला नाही.

ज्यांच्या घरात असा माल आधीच आला आहे त्यांच्यासाठी थोडं. ती रायफल विहिरीत टाकू नका, दुसऱ्याला विकू नका, चालवून पाहू नका. चॅट पुसू नका. यूपीआयचे व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, वकील गाठा, ठाण्यात जा. आणि फोनवर पोलीस पैसे मागत नाहीत, 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवरूनच अटक, नावाची गोष्ट आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

ज्यांनी अजून घेतलेली नाही त्यांनी विकणाऱ्याला विचारावं: बोअर किती, जूल किती, बनवणारा कोण, आणि हे सगळं पक्क्या बिलावर लिहून देणार का. शस्त्राच्या खऱ्या परवान्यावर यूआयएन म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांक असतो. मामांना आलेल्या कागदावर तो नव्हता, आणि असं 'ना हरकत प्रमाणपत्र' विकणारा देऊच शकत नाही. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. पीक संरक्षणासाठी तोंडातून भरायच्या बंदुकीचा परवाना मागायची सोय शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे. वेळ लागतो, चौकशी होते, पण ती वाट सरळ आहे. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखातं देतं, त्यासाठी नुकसान दिसताच फोटो काढून लगेच अर्ज करा, वाफा परत सपाट करायच्या आधी.

मामांनी यंदा बागेभोवती सौर झटका मशीन बसवली आहे. घरच्या लाइनचा करंट तारेत सोडायचं गावातल्या काहींनी सुचवलं होतं, ते त्यांनी ऐकलं नाही, कारण त्या तारेनं माणसंही मेली आहेत आणि वाघही. गोठलेले ३१ हजार सोडवायला न्यायालयात अर्ज केला आहे. मामांचा जबाब झाला, रायफल तपासणीला गेली आहे, चौकशी सुरू आहे. तोच व्हिडिओ मागच्या आठवड्यात नरखेडच्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या फोनवर आला, नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत ५५ हजार. तो नंबर आम्ही तपास अधिकाऱ्यांना दिला आहे. तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही द्या.