गेज चोवीस, पत्रा अठ्ठावीस

एप्रिलात आमच्या जुळे सोलापुरातल्या घरात दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. एसीचं बिल झेपेना, म्हणून गच्चीवर मोठा कूलर ठेवून दोन खोल्यांत डक्टिंग, म्हणजे थंड हवा नेणारी पत्र्याची मोठी नळी, करायचं ठरवलं. (नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यात हा कूलर रोज टाकी पितो, ते आधी सुचलं नाही.)

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने एक फॅब्रिकेटर आणला. "सर, चोवीस गेजचा जीआय पत्रा देतो, हात लावून बघा की!" (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा आकडा, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला.) मी हात लावला तो तोंडाच्या फ्लँजला, म्हणजे तुकडे जोडायच्या कडेच्या पट्टीला. खरी मेख तिथेच होती. फ्लँज आणि दिसणारी कड जाड पत्र्याची, मधला सगळा डक्ट पातळ. वर, मी ऑफिसातून यायच्या आत इन्सुलेशन गुंडाळून टेप मारलेली. उन्हातल्या डक्टला इन्सुलेशन हवंच, पण ते माझ्यासमोर गुंडाळायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी कूलर लावला की डक्ट डबड्यासारखा "धड्डाम" करायचा. "नवीन आहे, बसेल हळूहळू," फॅब्रिकेटर म्हणाला. लांबच्या खोलीत जाळीसमोर कागद धरला, तर हलेना. हवा जोडांतूनच गळत होती: फ्लँजमध्ये गॅस्केटच (फट बंद करणारी पट्टी) नाही, सिलिकॉन नुसतं दिसेल तेवढंच. गारवा धरून राहावा म्हणून खिडक्या बंद ठेवायलाही त्यानेच सांगितलेलं. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा साचतो, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला असलेला भाचा मायक्रोमीटर घेऊन आला. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. चोवीसला साधारण 0.63 मिमी हवं होतं, निघालं 0.40, म्हणजे अठ्ठावीस गेज. खात्रीसाठी चार फुटांचा एक तुकडा उतरवून इन्सुलेशन काढलं. घेर 5 फूट, म्हणजे 20 चौरस फूट. चोवीस गेजचा असता तर सव्वानऊ किलो भरला असता. भंगारवाल्याच्या काट्यावर सव्वासहा भरला, तोही जाड फ्लँजसकट.

मापातही हात मारलेला. 28 फूट लांबीचे 140 चौरस फूट होतात, चिठ्ठीवर "एल्बो, कटिंग, वेस्टेज" धरून 190. 18,000 रुपये रोख आधीच दिलेले, आणि पक्कं बिल मी मागितलंच नव्हतं. चिठ्ठीवर गेजही नाही, मिमीही नाही. आता फोन लावला की "साईटवर आहे सर," एवढंच.

परवा दोन घरं सोडून एका दारात त्याचा टेम्पो उभा दिसला. भाच्याचा मायक्रोमीटर अजून माझ्याकडेच होता. तो खिशात टाकला आणि इन्सुलेशन गुंडाळायच्या आत त्यांच्या गच्चीवर पोचलो.