केमिस्ट्रीवाल्यांनी बी.एड. करावं का? माझा रिव्ह्यू

एमएस्सी केमिस्ट्री करून बी.एड. केलं, कॉलेजचं नाव नको. आधी एक वर्षाचा असलेला कोर्स 2015 पासून दोन वर्षांचा झालाय आणि खरं सांगू का, त्यातला बराच वेळ फायली रंगवण्यात जातो. पाठ टाचणं (प्रत्येक तासाला काय, कसं शिकवणार त्याचा आराखडा) लिहून हात मोडतो, वर मार्जिन लाल पेनानेच पाहिजे म्हणे! सूक्ष्म अध्यापन मात्र मस्त, पाच-सहा मिनिटांत शिकवण्याचं एकच कौशल्य, समोर आपलेच मित्र विद्यार्थी बनून मुद्दाम येडे प्रश्न विचारतात.

खरं शिक्षण आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायच्या इंटर्नशिपमध्ये. दहावीला रासायनिक समीकरणं संतुलित करायला शिकवताना पोरं सरळ H₂O चं H₂O₂ करून मोकळी, तेव्हा कळलं की अंक सूत्राच्या डावीकडे लिहायचा, खाली नाही, हे आधी मणी नाहीतर चेंडू घेऊन दाखवावं लागतं. लॅबबद्दल बोलायलाच नको, ब्युरेटचा (द्रव मोजून थेंब थेंब सोडायच्या काचेच्या नळीचा) नळ गळका आणि आम्हाला प्रॅक्टिकल घ्यायची कशी, ॲसिड सांडलं तर काय करायचं, हे कोणी धड शिकवलंच नाही.

अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर एमएस्सीसोबत बी.एड. लागतंच, त्यामुळे कराच, पण आंतरवासितेला शाळा चांगली मिळेल असं कॉलेज बघून घ्या. पाचपैकी तीन स्टार.